लग्नाच्या डीजेसाठी लाईट कुठले घ्यावेत? दादाच्या अडीच लाखांची गोष्ट

एरवी आपण इथे कोडिंग, नोकरी, इंटरव्ह्यू असल्या विषयांवर बोलतो. पण मागच्या भागात मी सहज बोलून गेलो की शनिवार-रविवारी मी मावसभावाच्या डीजेवर लाईट चालवतो, आणि त्यावर जेवढे मेसेज आले तेवढे माझ्या करिअरच्या कुठल्याच सल्ल्याला आले नव्हते. एकाने तर दुकानातल्या कोटेशनचा फोटोच पाठवला. आठ शार्पी, दोन लेझर, एक स्मोक मशीन, खाली एकूण रक्कम, आणि खाली लिहिलं होतं, "भाऊ, घेऊ का?"

त्या भावाला मी तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण दोन ओळीत देता येण्यासारखं ते नव्हतं. आज देतो.

आधी माझी पार्श्वभूमी सांगतो, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. मी सोलापूरचा. बीटेक केलं, आता पुण्याच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो, महिन्यातले निम्मे दिवस जुळे सोलापुरातल्या घरूनच. माझा मावसभाऊ माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. त्याचा डीजे आहे. दोन टॉप, चार बेस, एक मिक्सर आणि एक छोटा हत्ती. लाईट म्हणाल तर चार जुने पार, त्यातल्या एकाचा लाल रंग गेलेला. सोलापुरात लग्न म्हटलं की हळद आली, परण्या आला (बाहेरच्यांसाठी सांगतो, नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो तो परण्या), वरात आली, रिसेप्शन आलं. दादा हे सगळं करायचा, पण मोठ्या ऑर्डरी दुसऱ्यांकडे जायच्या, कारण त्यांच्याकडे लाईट होते.

एके रात्री दादाचा फोन. "का बे इंजिनिअर, झोपला काय?" मग हळूच म्हणाला की वहिनीच्या पाटल्या आणि गंठण ठेवून अडीच लाख उचललेत. सोनेतारण. उद्या पुण्याला जाऊन लाईट घ्यायचेत, तू सोबत चल. मी म्हटलं, दादा, दोन आठवडे थांब. तो म्हणाला, सीझन तोंडावर आलाय बे. मी म्हटलं, थांब.

आम्ही सॉफ्टवेअरवाले काय करतो, आधी मोजतो. पुढच्या दोन लग्नांत मी फोनवर नोंद केली: लाईट किती वाजता लावले, खरे दिसायला कधी लागले, लोक कधी कुठे होते. मुहूर्त दुपारी साडेबाराचा असेल तर त्या वेळी सोलापूरच्या उन्हात कुठलाही लाईट लावला तरी तो चालू आहे की बंद, हे जवळ जाऊन बघावं लागतं. एप्रिल-मेमध्ये सूर्य मावळतो पावणेसात-सातला. लाईट खऱ्या अर्थाने दिसायला सव्वासात होतात. आणि रात्री दहाला स्पीकर बंद. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही. म्हणजे नाचायचे लाईट आणि गाणी एकत्र असा वेळ मिळतो जेमतेम पावणेतीन तास.

पण माझ्या नोंदीत दुसरी एक गोष्ट निघाली, जी मला आधी सुचली नव्हती. दहाला गाणी बंद झाली तरी लग्न संपत नाही. स्टेजवर फोटोंची रांग असते, पंगती चालू असतात, मामा-मावश्या भेटत असतात. पहिल्या लग्नात हे पावणेबारापर्यंत चाललं. या सगळ्या वेळात आवाजाचं काम शून्य आणि लाईटचं काम चालू. आणि त्या वेळी आमचे लाईट कुठे होते? आभाळाकडे तोंड करून. स्टेजवर मंडपवाल्याने लावलेले दोन पांढरे हॅलोजन, ज्यात नवरा-नवरी घामाने निथळत होती.

मंडपवाले अण्णा आमच्या ओळखीचे. मी त्यांना विचारलं, अण्णा, तुम्हाला काय वाटतं, कुठले लाईट घ्यावेत? ते म्हणाले, "ते वर काय मारता ओ, वर काय कावळे बसलेत का बघायला? पोरीच्या तोंडावर चांगला उजेड पाडा, तिचा बाप पैसे देतो."

आता शार्पीबद्दल. कोटेशनमध्ये सगळ्यात वर तीच असते म्हणून तिच्यावर जरा वेळ घालवतो. शार्पी हे खरं तर एका लाईटचं नाव. क्ले पाकी नावाच्या इटलीच्या कंपनीने २०१० मध्ये तो काढला, १८९ वॉटच्या छोट्या दिव्यातून इतका बारीक आणि जोरदार झोत की स्टेजच्या धंद्यात सगळे थक्क झाले. मग चीनमध्ये त्याच्या नकला निघाल्या, आणि आपल्याकडे आता बारीक झोताचा कुठलाही फिरता लाईट म्हणजे शार्पी. जसं कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो तसं. दुकानात जे मिळतं त्यावर '७आर' लिहिलेलं असतं, म्हणजे बहुतेक २३० वॉटचा दिवा.

शार्पी वाईट आहे असं मी म्हणत नाही. वरातीत दोन चौकांवरून झोत दिसला की लोक गॅलरीत येतात, हे मी बघितलंय. पण तिचा दिवा एलईडी नसतो. आत दाबाखाली वायू असतो आणि त्यातून ठिणगी पाडून तो पेटवतात. थंड असताना पेटतो. गरम असताना विझला तर आतला दाब इतका वाढलेला असतो की परत ठिणगी पडत नाही, गार व्हायची वाट बघावी लागते.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. अक्कलकोट रोडच्या एका लॉनवर रिसेप्शन होतं, दादाने आठ शार्पी भाड्याने आणल्या होत्या. नवरा-नवरीची एंट्री. गाणं सुरू झालं, दार उघडलं, आणि केटररच्या पोराने पॉपकॉर्नचं मशीन आमच्याच बोर्डात खुपसलं. एमसीबी पडला. मी पळत जाऊन वर केला, दहा सेकंदसुद्धा लागले नसतील. आवाज आला, पार आले, शार्पी आल्या नाहीत. डोकी फिरत होती, आत उजेड नाही. जवळजवळ सात मिनिटं. नवरीने अख्खी एंट्री दादाच्या त्या जुन्या पारांच्या उजेडात केली, लाल रंग गेलेल्या पारासकट. मुलीचे वडील काही बोलले नाहीत, पण ठरल्यातले पाच हजार कापून दिले.

त्यात अजून दोन गोष्टी जोडा. एक, बंद करताना आधी दिवा विझवून पंखा दहा मिनिटं चालू ठेवावा लागतो, नाहीतर दिव्याचं आयुष्य घटतं. रात्री दहाला टेम्पोवाला हॉर्न मारत असतो, जनरेटरवाला डिझेल मोजत असतो, तिथे कोण दहा मिनिटं थांबतं? सरळ वायर खेचतात. दुसरं, आपलं ऊन आणि धूळ. संध्याकाळी सहाला सेटअप करताना डब्यावर हात ठेवला तर चटका बसतो. आतला पंखा धुळीने भरला की लाईट स्वतःला वाचवायला दिवा बंद करतो, आणि मग पुन्हा तीच सात मिनिटं.

आणि झोत हवेत दिसायला हवेत धूर किंवा धूळ काहीतरी लागतं. हॉलमध्ये स्मोक मशीन लावलं की झोत सुरीसारखा दिसतो. उघड्या लॉनवर संध्याकाळचा वारा सुटला की तुमचा सगळा धूर शेजारच्या ज्वारीत. आठशे रुपयांचं लिक्विड वाऱ्यावर.

लोडचं गणितही सांगून टाकतो. २३० वॉटचा दिवा म्हणजे लाईट २३० वॉट खात नाही. मोटरी, पंखे, पॉवर सप्लाय धरून साडेतीनशेच्या आसपास धरा. आठांचे झाले २८०० वॉट. जनरेटरवर पाच केव्हीए लिहिलेलं असेल तर वॉटमध्ये ते साधारण चार हजार. म्हणजे निम्म्याहून जास्त जनरेटर नुसत्या शार्प्यांनी खाल्ला, अजून अॅम्प्लिफायर आहेत, बेस मारला की भार उसळतो. आणि कोणीतरी पॉपकॉर्नवाला असतोच.

म्हणून मी दादाला म्हटलं, शार्पी गिऱ्हाईकाने मागितली की भाड्याने आण, भाडं त्याच्या बिलात लाव. दिवा गेला, मोटर जळली तर ती मालकाची डोकेदुखी. तो म्हणाला, "मग मी घ्यायचं काय, ट्यूबलाईट?"

पार घ्यायचे. एलईडी पार. दिसायला डबा, मिरवायला काही नाही. पण हळदीत, स्टेजवर, मंडपाच्या खांबांवर, जेवणाच्या तंबूत, सगळीकडे उजेड तोच पाडतो. पण पारमध्येही दुकानदार तुम्हाला फसवू शकतो, तेव्हा काय बघायचं ते सांगतो.

पहिली गोष्ट पांढरा रंग. स्वस्त पारमध्ये लाल, हिरवा, निळा एवढेच एलईडी असतात आणि तिन्ही मिळून पांढरा करतात. भिंतीवर तो पांढरा दिसतो. माणसाच्या चेहऱ्यावर तो आजाऱ्यासारखा दिसतो, आणि आपल्याकडच्या सावळ्या रंगावर तर राखाडी छटा येते. शालूचा मोरपंखी मोरपंखी राहत नाही. वेगळा पांढरा एलईडी असलेला पार घ्या, आणि जमलं तर त्यात पिवळसर पांढरा, म्हणजे जुन्या बल्बसारखा. आम्ही दुकानात काय केलं, दादाचाच हात लाईटखाली धरला आणि मोबाईलने फोटो काढत गेलो. तिसऱ्या पारला दादा म्हणाला, "ह्यात मी माणूस दिसतोय."

हळदीचं तर वेगळंच. निळा लाईट लावला की हळद काळपट दिसते. पिवळा रंग निळा उजेड परत फेकतच नाही, शाळेतलं भौतिकशास्त्र आहे हे. मी एकदा उत्साहात हळदीला निळा आणि जांभळा लावला, मस्त वाटत होतं. नवरीची आत्या आली आणि म्हणाली, "बाळा, पोरीला डांबर फासल्यासारखं दिसतंय, ते बंद कर की." हळदीला अंबर किंवा पिवळसर पांढरा. निळा खांबांवर ठेवा, माणसांवर नको.

दुसरी गोष्ट, व्हिडिओत पट्टे. एलईडीचा उजेड कमी करायचा म्हणजे खरं तर तो फार वेगाने चालू-बंद करतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. स्वस्त पारमध्ये हा वेग कमी असतो आणि व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसतात. लग्नात आता प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे, रील त्याच रात्री चढते. तुमचा लाईट रीलमध्ये खराब दिसला तर तो खराबच. दुकानात तपासायची युक्ती: लाईट फुल ठेवून बघू नका, फुलवर बहुतेक वेळा चालू-बंद होतच नाही, आणि दुकानदार नेमका फुलवरच दाखवतो. तीस टक्क्यांवर आणा, मग फोनचा स्लो मोशन चालू करा. आम्ही बघितलेल्या सहातले चार पार इथेच बाद झाले. एक दुकानदार म्हणाला, "साहेब, लग्नात कोण एवढं बघतंय?" मी म्हटलं, फोटोग्राफर बघतो, आणि पुढची ऑर्डर तोच सांगतो.

तिसरी, वॉटचे आकडे. '५४ गुणिले ३ वॉट' म्हणजे १६२ वॉट असं वाटतं. मी खिशात प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर घेऊन गेलो होतो. तो पार सगळे रंग फुल केल्यावर नव्वद वॉट खात होता. एलईडी तीन वॉटचा असेलही, पण त्याला तेवढं चालवतच नाहीत. उजेड त्याच हिशोबाने कमी.

चौथी, पाणी. अवकाळी पाऊस आपल्याला नवा नाही, ऐन एप्रिलमध्ये संध्याकाळी ढग येतात आणि अर्ध्या तासात मंडप गळायला लागतो. उघड्यावर लावायचे पार आयपी ६५ चेच घ्या. महाग पडतात, वजनाला जड असतात. पण जाळीचा पंखा असलेल्या डब्यात पाणी गेलं की लाईट गेलाच, वर डब्यात करंट उतरायची भीती. याच पैशात बोर्डाला तीस मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवा, आणि जनरेटरचं अर्थिंग खरोखर जमिनीत गेलंय का ते स्वतः बघा. पोरं लोखंडी स्टँडला ओल्या हाताने धरतात. यात पैसे वाचवायचा विचार करणाऱ्याशी मी वाद घालत नाही, मी त्याच्या सेटअपला हात लावत नाही.

आता लेझर. हा भाग मला सांगायला आवडत नाही, पण ज्याने कोटेशन पाठवलं त्याच्या यादीत दोन आहेत म्हणून सांगतो.

लाईट विकत घ्यायच्या आधीच्या त्याच सीझनची गोष्ट. मोहोळकडच्या एका लग्नात वरातीला गिऱ्हाईकाने लेझर मागितलं होतं. दादाने भाड्याने आणलं, हिरवं, तीन वॉटचं. सेट मी केलं. हे मी मुद्दाम सांगतोय, दादाने नाही, पोरांनी नाही, मी. पॅटर्न मीच निवडला, जो लोकांच्या डोक्यावरून खाली येतो आणि वर जातो, कारण तो व्हिडिओत भारी दिसतो. टेम्पोवर लावलेलं होतं. रस्ता उताराचा लागला, टेम्पोचं नाक खाली गेलं आणि डोक्यावरून जाणारा झोत डोक्यांवर आला. मी लॅपटॉपकडे बघत होतो. लक्षात येऊन बंद करेपर्यंत पाच-सहा सेकंद गेले असतील.

दुसऱ्या दिवशी फोटोग्राफरचा फोन. त्याच्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर कायमची रेघ आली होती, आता कुठलाही फोटो काढला तरी रेघ. त्याने व्हिडिओ पाठवला. झोत येतो, पडदा हिरवा होतो, आणि त्यानंतर रेघ. पण मी तो व्हिडिओ दुसऱ्यांदा बघितला तेव्हा रेघेकडे बघत नव्हतो. कोपऱ्यात एक माणूस नाचत होता, त्याच्या खांद्यावर तीन-चार वर्षांचं पोर, सगळ्या गर्दीत सगळ्यात उंच तेच. आणि ते लेझरकडेच बघत होतं, पोरं बघणारच.

लेझरचा उजेड पसरत नाही. डोळ्याचं भिंग तो पडद्याच्या एका ठिपक्यावर गोळा करतं. पाचशे मिलिवॉटच्या वरचा लेझर सगळ्यात धोकादायक वर्गात, चौथ्या वर्गात येतो, आणि आमचा तीन हजारचा होता. आपण डोळा मिटतो त्याला पाव सेकंद लागतो, ते एखाद्या मिलिवॉटला पुरतं, याला नाही. आणि दुखत नाही. दृष्टिपटल भाजलं तरी दुखत नाही, फक्त त्या जागी दिसायचं बंद होतं, आणि चष्म्याने ते परत येत नाही.

दादाने नवरदेवाच्या घरून नंबर काढला आणि त्या पोराच्या वडिलांना फोन केला. खरं सांगितलं. ते आधी भडकले, बरोबरच होतं, मग सोलापूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन आले. आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो होतो. डोळ्यात औषध घालून बाहुली मोठी करून तपासतात, तासभर लागतो. डॉक्टर म्हणाले, काही नाही, ठीक आहे. पोर बाहेर आलं आणि मला म्हणालं, "काका, ते हिरवं परत लावणार का?"

कॅमेऱ्याचे अडतीस हजार आम्ही भरले, निम्मे मी. ते पैसे गेल्याचं वाईट वाटलं नाही.

२०२३ च्या गणेशोत्सवात कोल्हापुरात मिरवणुकीतल्या लेझरमुळे तरुणांच्या डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. पुढच्या वर्षी पुण्यात पोलिसांनी गणेशोत्सवात लेझर बीमवर बंदी घातली. २०२५ मध्ये आपल्या सोलापूर जिल्ह्यात गणेशोत्सवात डीजे आणि लेझर, दोन्हींवर बंदीचा आदेश निघाला. त्यावर धंद्यातली मंडळी खूप चिडली, दादासुद्धा. डीजेबद्दल त्याचं म्हणणं मला पूर्ण चुकीचं वाटत नाही, पोट आहे त्यावर. लेझरबद्दल मात्र आमच्या घरात वाद होत नाही. पोलिसांची परवानगी असो नसो, आम्ही लावत नाही. शार्पीला पण लोक लेझर म्हणतात, ती लेझर नाही. पण तिचाही झोत लोकांच्या डोळ्यात धरायचा नसतो, आणि जवळच्या मंडपाच्या कापडावर तर मुळीच नाही. कापड पेटतं. मॅन्युअलमध्ये अंतर दिलेलं असतं, तेवढं तरी वाचा.

वायरिंगचं थोडक्यात, कारण हे मला आवडतं आणि सुरू झालो तर थांबणार नाही. सगळे लाईट एका वायरने जोडून एका ठिकाणाहून चालवायचे, त्या पद्धतीला डीएमएक्स ५१२ म्हणतात. १९८६ मध्ये अमेरिकेत ठरवलेली पद्धत, अजून तीच. एका वायरवर ५१२ चॅनेल, प्रत्येकाला ० ते २५५ आकडा. पार आठ चॅनेलचा असेल तर पहिल्याचा पत्ता १, दुसऱ्याचा ९, तिसऱ्याचा १७. हे ज्याला कळलं त्याला अर्धं लाईटिंग आलं. लांब लॉनवर शेवटचे पार वेड्यासारखे लुकलुकतात ना? बहुतेक वेळा लाईट बिघडलेले नसतात. माईकची वायर वापरलेली असते आणि शेवटच्या लाईटला टर्मिनेटर नसतो. टर्मिनेटर म्हणजे एक्सएलआरच्या प्लगमध्ये दोन आणि तीन नंबरच्या पिनमध्ये १२० ओहमचा एक रेझिस्टर. रेझिस्टर रुपया-दोन रुपयांचा, प्लग शंभराच्या आत. दादाचे दोन पार मेकॅनिककडे तीनदा जाऊन आले होते, रोग वायरीत होता. आणि महागडा कंट्रोलर घ्यायची पहिल्या वर्षी गरज नाही. क्यूएलसी प्लस नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर चालतं, सोबत एक यूएसबी-डीएमएक्सची डबी लागते.

तर अडीच लाखांचं आम्ही काय केलं. सोळा पार, वेगळा पांढरा असलेले, आयपी ६५, त्यांचे साधारण शहाण्णव हजार झाले. स्टेजसाठी पिवळसर पांढरे चार मोठे पार, सव्वीस हजार. एलईडीचे फिरते लाईट चार, साठ हजार. हे शार्पीएवढे लांब मारत नाहीत, पण वीज जाऊन आली की अर्ध्या मिनिटात स्वतःला जुळवून घेऊन उभे राहतात. स्टँड, चांगली वायर, ईएलसीबीचा बोर्ड, सेफ्टी चेन मिळून पस्तीस. उरलेले तेहेतीस हजार मी दादाला खर्चू दिले नाहीत. त्याने माझ्याशी दोन दिवस बोलणं टाकलं. वहिनी मात्र म्हणाली, "ते पैसे माझ्याकडे दे," आणि पावसाळ्यात ऑर्डरी नसताना सोनेतारणाचे तीन हप्ते त्यातूनच गेले.

पहिला महिना कठीण गेला, हेही सांगतो. दोन ऑर्डरी आमच्या हातून गेल्या, कारण गिऱ्हाईकाने विचारलं, "शार्पी किती आहेत स्वतःच्या?" आणि दादा म्हणाला, एकपण नाही. तेव्हा तो माझ्याकडे ज्या नजरेने बघायचा ती अजून आठवते. मग एका रिसेप्शनचे फोटो फिरले. फोटोग्राफर तोच होता, अडतीस हजारवाला. त्याने स्वतःहून दोन लग्नं दिली. तो म्हणतो, तुमच्या स्टेजवर मला फ्लॅश कमी मारावा लागतो. आता दादाच्या बिलात लाईटची ओळ वेगळी असते आणि ती दहा वाजता संपत नाही.

या दिवाळीनंतर तर एक अशी ऑर्डर आली ज्यात डीजेच नव्हता. अशोक चौकाकडचं घर, आजोबांना हृदयाचा त्रास, मुलाने सांगितलं हलगी आणि सनई ठेवलीय, तुम्ही फक्त लाईट करा. दादाला वाटलं चेष्टा करतोय. मांडवाच्या खांबांना अंबर, तुळशीजवळ एक हिरवा, स्टेजला पिवळसर पांढरा, आणि आवाजाचा एकही डबा टेम्पोत नाही. रात्री साडेअकराला आम्ही वायरी गुंडाळत होतो तर ते आजोबा काठी टेकत आले आणि म्हणाले, जरा वेळ राहू द्या की लाईट, अजून बसलोय आम्ही. दादाने जनरेटरवाल्याला अजून अर्धा तास सांगितला, डिझेल स्वतःच्या खिशातून.

गंठण सुटलं, पाटल्या अजून सुटायच्यात. तसा दादा परवा पुन्हा म्हणालाच, "आता दोन तरी शार्पी घेऊ की बे." मी म्हटलं, मागच्या सीझनला किती वेळा भाड्याने आणल्या ते मोजू. मोजलं, तर अकरा वेळा. अकरा वेळांचं भाडं आणि दोन शार्प्यांची किंमत शेजारी शेजारी लिहिली, तर या वेळी दादाचं म्हणणं अगदीच चुकीचं निघालं नाही. बघू.

आणि कोटेशन पाठवणाऱ्या भावा, दोन्ही लेझर आजच यादीतून काढ. आठातल्या सहा शार्पी काढ. स्टेजला काय लावणार ते त्यात कुठेच लिहिलेलं नाही, ते आधी लिही, आणि तुझा जनरेटर किती केव्हीएचा आहे ते मला कळव. मग बाकीचं बोलू.